बॉन्डिंगनंतर हळद, चहा आणि विडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २७, राहणार नाशिक. वरच्या पुढच्या दोन दातांमधली फट परवा संध्याकाळी बॉन्डिंग करून, म्हणजे दाताच्या रंगाचं कंपोझिट चिकटवून बुजवली. लग्न बारा दिवसांवर आलंय. डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस रंगीत काही खाऊ नका", आणि पुढचा पेशंट आत आला. आईचं म्हणणं, लग्न लागेपर्यंत दूधभात आणि दहीभातच खायचा. मैत्रीण म्हणते, तिला काहीच झालं नाही, सगळं खा. चहा कधीपासून प्यायचा? हळदीची भाजी चालेल का? सोलकढी? शिवाय पहिल्या संध्याकाळी आरशात भरलेला भाग दातापेक्षा पिवळट दिसत होता, तर शेड चुकली का?

आधी आजच्या जेवणाचं बोलू, कारण तुम्ही बहुधा दहीभातावरच बसला असाल. परवा संध्याकाळी काम झालं म्हणजे ४८ तास होत आले. आज रात्री वरण-भात खा, हळद घातलेलंच वरण. पोळी-भाजी खा. उद्या सकाळी चहा घ्या. घास हाताने तोडायचा आणि मागे दाढेकडे न्यायचा, एवढं एकच पथ्य. ते मात्र बारा दिवसांचं नाही, बॉन्डिंग तोंडात आहे तोवरचं आहे. आईंची भीती गैरलागू आहे आणि मैत्रिणीचं "काही होत नाही" निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं खाली सविस्तर लिहितो.

आपल्याकडे दातात काहीही भरलं की लोक त्याला "सिमेंट भरलं" म्हणतात. या एका शब्दाने बराच गोंधळ केलाय. सिमेंट म्हटलं की ते सुकायला वेळ लागणार, ओलं असताना हात लावला तर उखडणार, असं मनात येतं. जुन्या चांदीच्या भरणीच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरं होतं. तिला पूर्ण ताकद यायला चोवीस तास लागत, म्हणून "उद्यापर्यंत त्या बाजूने चावू नका" असं सांगायची पद्धत पडली. ती पद्धत दवाखान्यांतून अजून गेलेली नाही. बॉन्डिंगचं कंपोझिट वेगळं असतं. ती एक राळ असते आणि तिच्यात अतिशय बारीक काचेची पूड मिसळलेली असते. तिच्यात कॅम्फरक्विनोन नावाचा पिवळसर पदार्थ चिमूटभर असतो. नावातच कापूर आहे, आणि तो खरोखरच कापराचा चुलतभाऊ. डॉक्टरांनी तोंडात जो निळा लाइट धरला होता, तो या पदार्थाला जागा करतो आणि राळ घट्ट होते. साधारण दोन मिलिमीटरचा एक थर वीसेक सेकंदांत कडक होतो. म्हणजे तुम्ही खुर्चीतून उठलात तेव्हाच तो भाग चावण्याजोगा झालेला होता. सुकायचं काही शिल्लक नव्हतं.

मग दोन दिवसांचं पथ्य कशासाठी? लाइटखाली राळ कडक होते, पण आतली जोडणी तिथल्या तिथे पुरी होत नाही. पुढचा दिवसभर ती सावकाश चालू राहते. शिवाय नवं कंपोझिट लाळेतलं पाणी थोडं थोडं शोषतं आणि सुरुवातीच्या दिवसांत जास्त शोषतं. पाण्याबरोबर पाण्यात विरघळलेला रंगही आत शिरू शकतो. त्यामुळे पहिले दोन दिवस गडद रंगाचं टाळलेलं बरं. ही खबरदारी आहे. सोवळं मोडल्यासारखं मनाला लावून घेऊ नका. कुणी चुकून तिसऱ्या तासाला चहा प्यायला म्हणून दात बिघडत नाही. खळखळून चूळ भरावी आणि पुढे जावं.

एक अपवाद आहे. तो मला माझ्याच चुकीने शिकवला. लोडशेडिंगच्या दिवसांतली गोष्ट. एका शिक्षिकेच्या पुढच्या दाताचा तुटलेला कोपरा बांधत होतो. शेवटचा थर लाइटने कडक केला आणि वीज गेली. लाइट बॅटरीवर चालणारा होता, पण पॉलिशचा हँडपीस कॉम्प्रेसरवर, आणि कॉम्प्रेसर बंद. त्यांना गावची गाडी पकडायची होती. म्हटलं, जा, उद्या या, पॉलिश करून देतो. त्या आल्या सोळा दिवसांनी, दाताचा कोपरा हळदी-कुंकवाच्या करंड्यासारखा करून. कारण असं, की हवेतला ऑक्सिजन राळेच्या अगदी वरच्या पापुद्र्याला नीट कडक होऊ देत नाही. तो पापुद्रा चिकट राहतो. पॉलिश करताना तो निघून जातो आणि खालचा घट्ट, गुळगुळीत भाग वर येतो. त्या बाईंचा पापुद्रा तसाच राहिला होता आणि सोळा दिवसांच्या आमटीने तो रंगवला होता. पॉलिश केल्यावर बराचसा रंग गेला, थोडा राहिला, तो नंतर नवा थर देऊन झाकला. तेव्हापासून पॉलिश न करता मी कुणाला घरी सोडलेलं नाही. तुम्ही जिभेने दाताची पाठ आणि कडा चाचपून पाहा. बशीच्या काठासारखं गुळगुळीत लागलं तर उत्तम. खरखरीत लागलं तर खाण्याचं पथ्य वाढवून उपयोग नाही, जाऊन पॉलिश करून घ्या.

आता हळद. तिचा रंग म्हणजे कर्क्युमिन. तो साध्या पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात मात्र मस्त विरघळतो. म्हणून हळद घातलेल्या पातळ वरणापेक्षा वर तर्री तरंगणारा रस्सा कंपोझिटला जास्त रंगवतो, कारण राळेलाही तेलकट गोष्टी चिकटतात. मिसळीची तर्री, मालवणी रस्सा, कोल्हापुरी तांबडा, लोणच्याचा खार हे सगळे त्यात आले. घरच्या प्लॅस्टिकच्या डब्याकडे बघा, दोन महिन्यांत तो कसा पिवळा पडतो ते. स्टीलचा डबा पडत नाही. कंपोझिट या दोघांच्या मधलं आहे, आणि पॉलिश चांगलं असेल तर ते स्टीलकडे झुकतं. साडीवरचा हळदीचा डाग उन्हात वाळवला की उडतो, कारण कर्क्युमिनला ऊन सोसत नाही. तोंडात ऊन पडत नाही, त्यामुळे इथे ती सोय नाही. इथे चूळ कामाची. रस्सा जेवा, पण जेवण संपल्यावर पाण्याची एक भरपूर चूळ भरा आणि रात्री ब्रश करा. मी स्वतः शनिवारी मटणाचा रस्सा जेवतो आणि माझ्या एका पुढच्या दातावर नऊ वर्षांपूर्वीचं कंपोझिट आहे. कडेला पिवळी छटा आली की वर्षा-दीड वर्षाने सहकारी पॉलिश करून देतो.

चहाबद्दल आनंदाची गोष्ट सांगतो. आपला दुधाचा चहा कोऱ्या चहापेक्षा कमी रंगवतो. दुधातलं केसिन चहातल्या टॅनिनला धरून ठेवतं. म्हणून तब्येतीसाठी म्हणून दूध सोडून कोरा चहा किंवा ब्लॅक कॉफी धरणाऱ्यांचे दात आधी तपकिरी होताना दिसतात. पण कपापेक्षा घड्याळ महत्त्वाचं. दोन कप चहा दहा-दहा मिनिटांत संपवणारा माणूस आणि टेबलावर थर्मास ठेवून सकाळी दहापासून सहापर्यंत घोट घोट घेणारा माणूस, यांच्या दातांत फरक पडतोच. रंगाच्या बाबतीत पडतो, किडीच्या बाबतीत त्याहून जास्त पडतो, कारण प्रत्येक घोटाबरोबर साखरही येते. चहा प्या, आठवणीने संपवा, वर पाणी प्या.

सोलकढी प्यायला हरकत नाही. कोकमाचा लाल रंग आहे, पण नारळाच्या दुधात तो पातळ झालेला असतो आणि आपण ती तोंडात घोळवत बसत नाही. कोकम सरबत, लिंबू सरबत, चिंचेचं सार, आवळा यांचा प्रश्न रंगापेक्षा आंबटपणाचा आहे. दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, पीएच (हा आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त) साधारण ५.५च्या खाली गेला की विरघळायला लागतं. लिंबाचा रस आणि कोला दोन-अडीचच्या आसपास असतात. आम्लाने कंपोझिटचं फार बिघडत नाही, शेजारचा तुमचा स्वतःचा दात झिजतो आणि दोघांच्या मधली रेघ उघडी पडते. मग त्या रेघेत चहा जाऊन बसतो. आंबट प्यायल्यावर लगेच ब्रश करू नका. आधी पाण्याने चूळ, ब्रश अर्ध्या तासाने.

पेशंट रंगाचं विचारतात आणि माझ्याकडे परत येतात ते टवका उडाला म्हणून. बॉन्डिंग दाताला धरून राहतं कसं, हे कळलं की ते का तुटतं हेही कळतं. १९५५ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये मायकेल ब्युनोकोर नावाच्या दंतवैद्याने एनॅमलवर फॉस्फोरिक आम्ल लावून पाहिलं. कल्पना त्याने रंगाऱ्यांकडून उचलली होती. धातूवर रंग नीट धरावा म्हणून ते हे आम्ल लावत. पाटा गुळगुळीत झाला की आपण त्याला टाकी लावून घेतो ना, तसं आम्लाने एनॅमल डोळ्यांना न दिसेल इतकं खरखरीत होतं. त्या खाचांत पातळ राळ शिरते आणि तिथेच घट्ट होते. ही पकड जबरदस्त असते. गरम आमटीने, थंड पाण्याने, पुरणपोळीने ती सुटत नाही. तुटतो तो कंपोझिटचा बाहेर आलेला भाग. तुमच्या बाबतीत फट बुजवताना दोन्ही दात बाजूने थोडे रुंद केले आहेत. त्या वाढवलेल्या भागाच्या खालच्या कोपऱ्यामागे तुमचा दात नाही, नुसतं कंपोझिट आहे. तो कोपरा घेऊन कणीस कुरतडलं किंवा पेरूचा लचका तोडला, की पहार घालून फरशी उचकटावी तसा जोर त्या एका ठिकाणी येतो.

म्हणून पेरू, सफरचंद, गाजर कापून खा. कणसाचे दाणे काढून खा. ऊस सोलून गंडेरी करून मागे चावा, आणि दातांनी ऊस सोलण्याची हौस आता कायमची सोडा. चिक्की, कडक बुंदीचा लाडू, बोरं, सोलापूरची कडक भाकरी, हे सगळं तोडून दाढेखाली. कडक भाकरी तर आमटीत कुस्करून खाण्यातच मजा आहे. नळी चोखा, पण पुढच्या दातांनी हाड फोडायला जाऊ नका. बर्फ चावू नका.

आणि हे झालं खाण्याचं. माझ्या हिशोबाने पुढच्या दातांचं निम्मं बॉन्डिंग न खाण्याच्या वस्तूंनी तुटतं. पहिला नंबर दुधाच्या पिशवीचा. एक बँकेतले गृहस्थ चार वर्षांत तीनदा एकाच कोपऱ्यासाठी आले. मिसळ सोडली, सुपारी सोडली, तरी तुटायचंच. तिसऱ्या वेळी त्यांच्या बायको बरोबर होत्या. त्या म्हणाल्या, "रोज सकाळी दुधाची पिशवी कशाने फोडतात ते विचारा." कात्री ओट्याशेजारी खिळ्याला टांगली आणि प्रश्न मिटला, आज पाच वर्षं झाली. दोरा तोडणं, केसांची पिन दातांनी उघडणं, पेनचं टोपण, शॅम्पूची पुडी, नखं, हे सगळं त्याच माळेतलं. लग्नघरात पिना आणि पुड्या ढिगाने असतील, म्हणून मुद्दाम सांगतोय. झोपेत दात खायची सवय असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यासाठी रात्री घालायचं पारदर्शक कव्हर मिळतं. ते नसेल तर दिवसा कितीही जपून खा, रात्री कडा झिजणार.

काही गोष्टी भरभर. दारू राळेला थोडी मऊ करते, म्हणून पहिले दोन दिवस अजिबात नको आणि नंतरही रोजची नको. माउथवॉशही विनाअल्कोहोलचा घ्या. औषधाच्या दुकानातून क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश आणून महिनोन्‌महिने वापरणारे बरेच असतात. त्यावर चहा पडला की दात तपकिरी होतात आणि दोष बॉन्डिंगला जातो. तो डॉक्टरांनी सांगितला तरच आणि सांगितले तेवढेच दिवस. तंबाखू, गुटखा, सुपारी यांच्याबद्दल वेगळं लिहीत नाही, तिथे बॉन्डिंग ही सगळ्यात छोटी काळजी आहे. मिश्री, लाल दंतमंजन, कोळशाची काळी पेस्ट, "पांढरे शुभ्र दात" असं लिहिलेल्या खरखरीत पेस्ट नकोत. या सगळ्या पॉलिश घालवतात, आणि पॉलिश गेलं की मघाचा प्लॅस्टिकचा डबा सुरू. मऊ ब्रश, साधी फ्लोराइडची पेस्ट. फट बुजल्यामुळे त्या दोन दातांमध्ये आता दोरा, म्हणजे फ्लॉस, घालायला लागेल. पूर्वी तिथे अन्न अडकत नसे, आता अडकेल. तो बाहेर काढताना झटका देऊन खाली ओढू नका, एका बाजूने सरकवून काढा.

शेडबद्दल. काम करताना दात कोरडा ठेवावा लागतो, आणि कोरडा पडलेला दात खडूसारखा पांढरा दिसतो. शेड निवडलेली असते ओल्या दाताची. त्यामुळे पहिल्या संध्याकाळी भरलेला भाग पिवळट वाटतो. दात पुन्हा लाळ शोषून मूळ रंगावर यायला दिवसभर तरी लागतो, कधी थोडा जास्त. आता दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी उभं राहून पाहा. जुळलं असेल तर विषय संपला. नसेल तर डॉक्टरांना दाखवा, वरचा थर बदलणं हे लहान काम असतं. पण लग्नाआधी घाईने दात पांढरे करून घ्यायचा मोह आवरा. ब्लीचिंगने तुमचे दात उजळतील, कंपोझिट उजळणार नाही, आणि हळदीच्या फोटोत दोन रंगांचे दात येतील. ब्लीचिंग करायचंच असतं तर आधी करून, दोन आठवडे थांबून मग बॉन्डिंग करतात. ती वेळ आता गेली.

आता लग्नाचं. हळद लागेल त्या दिवशी ओठांना आधी व्हॅसलिन लावा आणि करवल्यांना सांगा की तोंडात कोंबू नका. गेलीच तर चूळ भरा, दहा मिनिटांच्या हळदीने काही होत नाही. एकमेकांना घास भरवताना जिलेबी चालेल, लाडू हाताने फोडून. खरी भानगड विड्याची आहे. विडे तोडण्याचा कार्यक्रम तुमच्याकडे असेल, तर दातात धरलेला विडा समोरचा माणूस दातांनीच ओढून तोडणार, म्हणजे जोर नेमका तुमच्या त्या दोन कोपऱ्यांवर येणार. विडा नुसत्या पानाचा करायला सांगा. आत सुपारीचं खांड नको, लवंग टोचलेली नको. आणि तो पटाशीच्या दातांत न धरता जरा बाजूला, सुळ्यापाशी धरा. फोटोत कुणाला कळत नाही. लवंग तोडण्याचा खेळ असेल तर सरळ नाही म्हणा, नवरदेवाला आधी कानात सांगून ठेवा.

लग्नाच्या चार-पाच दिवस आधी एकदा डॉक्टरांकडे जाऊन या. कडा बघून, लागलं तर पॉलिश करून, वीसेक मिनिटांत मोकळं करतील. त्याआधी जायची कारणं अशी: दात मिटल्यावर तोच दात आधी टेकतोय असं वाटणं, जिभेला कड बोचणं, हिरडीतून रोज रक्त येणं, दोऱ्याला तिथे प्रत्येक वेळी कुसं निघणं. थंड लागल्यावर काही दिवस दात शिवशिवले तर ते चालतं. काही न खाता-पिता आपोआप ठणकायला लागला, किंवा रात्री झोपमोड झाली, तर थांबू नका. आणि टवका उडालाच तर घाबरून फेव्हीक्विक लावू नका. हे मी विनोदाने लिहीत नाही, माझ्याकडे तसे दोन पेशंट आले आहेत. उडालेला कोपरा त्याच दिवशी, एका बैठकीत, बहुतेकदा इंजेक्शन न देता पुन्हा बांधता येतो. मुहूर्त दुपारचा असेल तर सकाळीसुद्धा.